झाकणावरचं गाऱ्हाणं

"तिसरं महायुद्ध पाण्यावरून होणार आहे, आणि त्याची पहिली ठिणगी याच शहरात पडणार आहे," असं हेरंब सबनीस यांनी नीलसागर हाइट्सच्या सर्वसाधारण सभेत हात उंचावून जाहीर केलं, तेव्हा सभेला सात माणसं हजर होती. त्यांतली दोन लिफ्टची वाट बघत उभी होती आणि एक वॉचमन होता. लिफ्ट आली तशी ती दोघं वर गेली. उरलेल्यांना सबनीसांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" गुणाजी सावंतांनी हात वर केला आणि पंखा जरा इकडे वळवता येईल का, असं विचारलं.

कुशाबा परब मागच्या खुर्चीवर बसले होते. महायुद्धाचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. त्यांना एकच युद्ध ठाऊक होतं. ते ब्याऐंशी सालच्या जानेवारीत सुरू झालं होतं आणि ते संपलं, असं त्यांना अजून कुणी येऊन रीतसर सांगितलं नव्हतं.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा कुशाबा साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. चार दिवसांत मिटेल, असं म्हणून ते आणि गुणाजी चाळीच्या ओट्यावर येऊन बसले. बातमी आधी ओट्यावर येते आणि मग खोलीत जाते, तेव्हा ओट्यावर बसलेलं बरं, असा हिशेब होता. शांताबाईंनी, म्हणजे कुशाबांच्या बायकोने, तोवर खोलीत खानावळ सुरू केली. गोदीतली आणि बेस्टमधली एकटी माणसं दोन वेळ जेवायला येऊ लागली. दहा बाय बाराच्या खोलीत पंगत बसली की नवऱ्याला पाय ठेवायला जागा राहत नसे. शिवाय घरात बसलेला नवरा बेकार असतो आणि ओट्यावर बसलेला नवरा वाट बघत असतो. हा फरक गिरणगावात कुणी कुणाला शिकवला नाही, पण सगळ्यांना एकाच आठवड्यात समजला.

बातमी काही आली नाही. बसायची सवय मात्र राहिली. पुढे गिरणीची चिमणी पाडली. तिच्या जागी काचेचा मॉल आला, त्यात जिने आपले आपण चालायला लागले. तिथे जायचं नाही असं कुशाबा आणि गुणाजींनी ठरवलं होतं. त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. मग चाळही पडली आणि त्याच जागेवर चौदा मजली इमारत उभी राहिली. बिल्डरने तिचं नाव नीलसागर हाइट्स ठेवलं. चौदाव्या मजल्यावरून सागर दिसत नाही, रे रोडच्या लाकडाच्या वखारी दिसतात. पण वखार हाइट्समध्ये घर कोण घेणार?

जुन्या भाडेकरूंना प्रत्येकी एक घर मिळालं. घरात स्वतःचा संडास आणि स्वतःचं बंद होणारं दार. दार बंद होतं, ही त्या घराची सगळ्यात मोठी सोय आणि तेवढीच मोठी गैरसोय. चाळीत कोण जिवंत आहे हे गॅलरीत उभं राहिलं की कळायचं. इथे त्यासाठी सोसायटीचा फळा बघावा लागे. एक बरं झालं होतं. कंपाउंडच्या कोपऱ्यात, उंबराच्या झाडाखाली बिल्डरने सिमेंटचा एक कट्टा बांधून दिला होता. चहा झाला की कुशाबा, गुणाजी आणि दगडू मेस्त्री तिथे येऊन बसत, ते दिवेलागणीपर्यंत. बोलत फारसं नसत. सगळं बोलून झालं होतं. पण कुणी एक नाही आला तर उरलेले दोघे वर बघत, आणि वर बघणारं कुणीतरी आहे एवढ्यावर माणूस पुष्कळ वर्षं काढू शकतो.

तर अशा या इमारतीत हेरंब सबनीस नवव्या मजल्यावर राहायला आले. ते मूळचे गिरगावचे, बँकेतून मुदतीआधी निवृत्त झालेले. इतरांना श्रीखंड म्हटल्यावर जे वाटतं ते सबनीसांना 'सवलत' म्हटल्यावर वाटे. सेक्रेटरी झाल्यावर महिन्याभरात त्यांना एक सवलत सापडली. नव्या इमारतीने गच्चीवरचं पावसाचं पाणी वाया न घालवता जमिनीत मुरवलं पाहिजे, असा नियम होता. आणि ज्यांची ही व्यवस्था नीट चालते त्यांना पाहणी करून घरपट्टीत सूट मिळायची होती. सबनीसांनी इमारतीचा नकाशा काढला आणि खाली येऊन तो जमिनीवर पसरला.

नकाशाप्रमाणे गच्चीवरून निळा पाइप खाली यायला हवा होता. तो आला होता. पाइपाला पाणी गाळायचा डबा असायला हवा होता. तो होता, त्यावर 'जल हेच जीवन' असंही लिहिलेलं होतं. पुढे नकाशात एक गोल होता. तो शोषखड्डा. पुरुषभर खोल खणायचा, त्यात विटांचे तुकडे, खडी आणि वाळू भरायची, म्हणजे पाणी सावकाश जमिनीत उतरतं. सबनीसांनी पावलं मोजत गोलाची जागा शोधली आणि शेवटचं पाऊल टाकायला गेले, तर तिथे गुणाजी बसले होते.

बिल्डरने खड्ड्याचा खर्च वाचवून त्याच जागी कट्टा बांधला होता. पाइप कट्ट्याशेजारी वीतभर जमिनीत शिरत होता आणि तिथून गुपचूप वळून गटारात जात होता.

"कट्टा तोडावा लागेल," सबनीस म्हणाले.

दगडू मेस्त्रींनी वर उंबराकडे बघितलं. गुणाजी म्हणाले, "खड्डो खणा नि आमकाच त्यात घाला. वाळूचो खर्च वाचात."

कुशाबा उठून घरी गेले. त्या दिवशी त्यांनी जेवताना भात परत मागितला नाही, तेव्हा शांताबाईंनी विचारलं, "काय झाला?"

"कट्टो मोडतत."

"मोडूदेत. घरात बसा."

"घरात बसान काय करू?"

या प्रश्नावर शांताबाईंनी खरंच विचार केला. आणि विचार करता करता त्यांना पुढची वर्षं दिसली. रोज संध्याकाळी नवरा घरात. येता-जाता टोपावरचं झाकण उचलून बघतो, कालवणात मीठ किती घातलंस विचारतो, मालिकेतली बाई का रडते ते मधेच विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत झोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाई नवव्या मजल्यावर गेल्या.

"सबनीसानु, तुमका सवलत व्हयी ना?" त्या दारातूनच म्हणाल्या. "घेवा. पण माका माझी संध्याकाळ व्हयी. ता तुमी बघा कसा करूचा ता."

शांताबाईंच्या हाताखालून गिरणी कामगारांची, गोदीवाल्यांची आणि दोन पोलिसांची पंगत जेवून उठली होती. त्यांनी 'बघा' म्हटल्यावर बघणं भाग होतं. सबनीसांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी ते हसत कट्ट्यावर आले.

"कट्टा राहील," ते म्हणाले. "सवलतही मिळेल."

त्यांची योजना साधी होती. रे रोडच्या भंगारवाल्याकडून एक गोल लोखंडी झाकण आणायचं. कट्ट्याच्या बाजूला सिमेंटात बसवायचं. हिरवा रंग द्यायचा. झालं.

"आणि झाकणाखाली?" गुणाजींनी विचारलं.

"झाकणाखाली काय असतं, हे झाकण उघडल्यावर कळतं."

"मग पालिकेचा माणूस उघडूक सांगतलो की."

इथे सबनीसांनी खुर्ची नसतानाही मागे टेकल्यासारखं केलं. "त्या दिवशी झाकणाची पूजा असेल. झाकणावर नारळ, हळदकुंकू, जास्वंद, उदबत्ती. काळाचौकीत, परब, काळाचौकीत, कोण माई का लाल पूजा बाजूला सारून झाकण उघडा म्हणेल?"

कुशाबांना मान्य करावं लागलं की कुणी म्हणणार नाही. या भागात भर रस्त्यात दगडाला शेंदूर लागला तर रस्ता वळतो. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या रात्री त्यांनी भात दोनदा मागितला.

अडचण भटजींची आली. लग्नसराई होती. लालबागच्या भटजींना त्या दिवशी दोन लग्नं आणि एक वास्तुशांत होती, दादरचे भटजी झाकणाला येत नाही म्हणाले. तेव्हा सबनीसांना सुचलं. "परब, तुमच्याकडे ते असतं ना, गाऱ्हाणं? मी एकदा टीव्हीवर बघितलंय. छान असतं. लोककला."

कुशाबांना 'लोककला' हा शब्द पायात खडा बोचावा तसा बोचला. पण कट्ट्याचा प्रश्न होता. त्यांचे वडील कुडाळपलीकडच्या गावात देवळापुढे गाऱ्हाणं घालत. मुंबईत चाळीच्या गणपतीपुढे ते काम आपसूक कुशाबांकडे आलं होतं. त्यांनी सबनीसांना रीत समजावून दिली. एकाने देवाला सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं.

"मी पण?"

"तुमी सेक्रेटरी. तुमचो आवाज सगळ्यात मोठो येवक व्हयो."

सबनीसांनी हे लक्षात ठेवलं. दुसरी एक गोष्ट त्यांना कुणी सांगितली नाही, कारण ती सांगावी लागते हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. भटजी देवाशी संस्कृतात बोलतात. त्यामुळे यजमानाने काय कबूल केलं हे यजमानाला कळत नाही, आणि सगळं सुरळीत पार पडतं. गाऱ्हाण्यात तसं नसतं. तिथे देव गावातलाच असतो, त्याला गावची भाषा येते आणि गावची लफडीही माहीत असतात. त्याच्यापुढे आधी जे आहे ते सांगायचं आणि मगच मागायचं.

ठरल्या दिवशी सकाळपासून सबनीस झब्बा घालून फाटकाशी उभे होते. साहेब येणार म्हणून त्यांनी शहाळं आणून ठेवलं होतं. आल्या त्या बाई. खांद्याला पिशवी, हातात छत्री, अंगावर साधी सुती साडी आणि नाकात ठसठशीत चमकी. "गुणवंती वैती, पाहणीला आलेय," त्या म्हणाल्या आणि शहाळ्याकडे न बघता थेट गच्चीवर गेल्या. लिफ्ट तेराव्यापर्यंतच जात होती. वरून त्यांनी पाण्याचा उतार बघितला, पाइप बघितला, खाली येऊन डबा उघडून आतली जाळी बघितली. प्रत्येक वेळी सबनीस 'आपल्या सोसायटीचं वैशिष्ट्य म्हणजे' असं वाक्य सुरू करत आणि प्रत्येक वेळी बाई पुढच्या गोष्टीकडे गेलेल्या असत.

"खड्डा कुठाय?"

सबनीसांनी दोन्ही हात पसरून कोपऱ्याकडे दाखवलं. हिरव्या झाकणावर तांब्याचा कलश होता, नारळ होता, जास्वंदीची परडी होती. बाजूला कट्ट्यापुढे पंधरावीस रहिवासी जमले होते. सबनीसांच्या सभेपेक्षा झाकणाला जास्त गर्दी होती.

"उघडून बघावं लागेल."

"अवश्य, मॅडम, अवश्य. फक्त आत्ताच प्रतिष्ठापना झालीय, आता गाऱ्हाणं होईल. मग देव उठेपर्यंत... तुम्हाला तर माहीतच आहे."

गुणवंती वैतींनी नारळाकडे बघितलं. मग त्यांनी छत्री मिटली, पिशवी कट्ट्यावर ठेवली, चपला काढल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

कुशाबा नेमके हे बघत होते. सबनीसांच्या योजनेत बाई कंटाळतील, घड्याळ बघतील, 'लवकर आटपा' म्हणतील, हे सगळं होतं. चपला काढतील हे नव्हतं. ज्या माणसाला आपण गंडवणार तो अनवाणी उभा आहे, हे कुशाबांना चमत्कारिक वाटलं. पण आता थांबता येत नव्हतं. त्यांनी टोपी नीट केली, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. सबनीस थोडे उशिरा आणि पुष्कळ मोठ्याने म्हणाले.

"ह्या काळाचौकीच्या मातयेत जो कोण जागेवालो, राखणदार बसलेलो असशीत, त्याका आज ही तुझी लेकरां नारळ ठेवन हाक मारतत, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"हंय आदी चाळ होती. आता इमारत इली. माणसां तीच आसत, फक्त वर गेली, म्हाराजा."

"होय म्हाराजा." दगडू मेस्त्री खोकले.

"ह्या लेकरांनी गच्चीवरचा पाणी खाली आणल्यानी. निळो पायप घातल्यानी, डबो बसवल्यानी. ता सगळा तुका दिसता, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

इथपर्यंत ठीक होतं. यात काही खोटं नव्हतं. आता मागणं करायचं. कुशाबांना मागायचं एकच होतं, हा कट्टा राहू दे. पण तोंडाशी आलेलं वाक्य तिथेच अडकलं. कट्टा राहू दे म्हटलं, की देव विचारणार, कट्ट्याला काय झालं? खड्डा करायचाय म्हणून तो तोडतायत. मग खड्डा कर दुसरीकडे. केलाय म्हणतायत. कुठे? त्या झाकणाखाली. मग कट्टा तोडायचा प्रश्न कुठे आला? साच्यावर धागा तुटला आणि तसाच सोडला, तर पुढच्या सगळ्या कापडात ती रेघ दिसत जाते, असं कुशाबांनी आयुष्यभर बघितलं होतं. तुटला तिथेच थांबून गाठ मारावी लागते. दुसरा इलाज नाही.

ते इतका वेळ थांबले की सबनीसांनी मधेच एक 'होय म्हाराजा' म्हणून घेतलं.

"आता आसा ता सांगतंय, म्हाराजा," कुशाबा म्हणाले.

"होय म्हाराजा."

"ह्या जा झाकण आसा, ता रे रोडच्या भंगारातला. त्याच्याखाली खड्डो नाय. माती आसा. त्या मातयेखाली परत माती आसा, म्हाराजा."

"होय म्हाराजा," सबनीस म्हणाले. ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. शब्दांकडे त्यांचं लक्ष नव्हतं, वाक्य संपलं की आपलं काम चोख करत होते.

"पाणी जमिनीत मुरणा नाय. गटारात जाता, म्हाराजा."

"होय म्हाराजा." आता बाकीच्यांचे आवाज खाली आले होते. गुणाजी ओठातल्या ओठात म्हणत होते. दगडू मेस्त्रींनी उंबर मोजायला घेतले होते. त्यामुळे सबनीसांचा आवाज एकट्याचा आणि अगदी स्पष्ट ऐकू येत होता.

"जंय खड्डो व्हयो, थंय आमचो कट्टो आसा. आमका दुसरी जागा नाय. संपात आमी बसलंव ते बसलंव, अजून कोणी उठा म्हणान सांगूक येवक नाय. तर देवा, कायद्याचोय मान रवांदे आणि आमचो कट्टोय रवांदे. आमच्या सेक्रेटरीन जा काय केल्यान, ता इमारतीच्या भल्यासाठीच केल्यान. चुकला-माकला असात तर लेकरू म्हणान पोटात घाल, म्हाराजा."

'सेक्रेटरी' हा शब्द सबनीसांच्या कानावर पडला. आपलं नाव देवापर्यंत गेलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी डोळे मिटले आणि अत्यंत मनापासून म्हटलं, "होय म्हाराजा."

कुशाबांनी नारळाला हात लावला. कट्ट्यामागे शांताबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं ते अशा नजरेने, की कट्टा गेला आणि उद्यापासून नवरा संध्याकाळभर घरात, हे जणू त्यांनी मनात मान्य करून टाकलं होतं.

गुणवंती वैतींनी चपला घातल्या. "सबनीस," त्या म्हणाल्या, "झाकण उघडायची काही गरज नाही."

सबनीसांचा चेहरा उजळला. "आमचं सगळं पारदर्शक असतं, मॅडम."

"ते कळलं. सोसायटीने सगळं स्वतःच सांगितलं. आणि तुम्ही तर दर वाक्याला कबूल केलंत."

सबनीस गुणाजींकडे वळले. "काय कबूल केलं मी?"

गुणाजींनी त्यांना शुद्ध मराठीत, बसच्या पाटीवरची अक्षरं वाचून दाखवावीत तसं, सावकाश सगळं सांगितलं. भंगार, माती, त्याखालची माती, गटार. ऐकताना सबनीसांचा झब्बा जागच्या जागी मोठा झाल्यासारखा दिसायला लागला.

"पण ती लोककला होती," ते म्हणाले.

"आमच्या कोळीवाड्यात पुनवेला नारळ सोडताना दर्याशी बोलतात," बाई म्हणाल्या. "खोटं बोललेल्या माणसाला माझी आजी होडीत घेत नसे. त्याच्यासाठी बाकीच्यांनी का बुडायचं, म्हणायची." मग त्या कुशाबांकडे वळल्या. "बाबा, तुम्हाला हे सांगा म्हणून कुणी सांगितलं?"

"कोणी नाय, बाय. मागणं करायचं होतं. आधी सांगितल्याशिवाय मागता येत नाय."

"आणि सांगितल्यावर मिळेल असं वाटलं?"

कुशाबांनी विचार केला. "ते देवाकडे. आपलं काम सांगायचं."

बाईंनी पिशवीतून कागद काढला. सबनीसांनी तो बघून हळूच विचारलं, "दंड?"

"ह्या वेळी नाही. पण सवलतही नाही. पाइप गच्चीपासून गटारापर्यंत आणलात म्हणून पालिका कुणाला सूट देत नाही. गटारात पाणी जायला पाइप लागत नाही, ते आपलं आपण जातं. खड्डा करा, मग बोलवा."

"आठवड्यात करतो."

"नका करू. पाऊस तोंडावर आलाय. आता भिंतीला लागून खणलंत तर भिंत खड्ड्यात येईल. पावसाळा होऊ दे, दसऱ्यानंतर खणा."

सबनीसांनी मनाशी जुळवून बघितलं. पावसाचं पाणी मुरवायची व्यवस्था पाऊस संपल्यावर सुरू होणार होती. ते काहीतरी बोलायला गेले आणि गप्प बसले. गेल्या घटकाभरात त्यांनी एवढं बोलून ठेवलं होतं की आणखी बोलायची भीती वाटली असावी.

दसऱ्यापर्यंत, कुशाबांच्या मनात आलं. म्हणजे अख्खा पावसाळा. पावसात कट्टा ओला असतो, तरी छत्री घेऊन बसता येतं. त्यापुढे काय ते विचारायचं धाडस होत नव्हतं. पण आज विचारायची सवय लागली होती.

"आणि मग आमी?"

बाईंनी पिशवीतून इमारतीचा नकाशाही काढून उलगडला. गोलावर बोट ठेवलं, कट्ट्याकडे बघितलं, परत गोलाकडे बघितलं. "कट्टा जाणार. त्याला इलाज नाही, पाइप तिथेच उतरतो." त्यांनी बोट गोलाच्या कडेने फिरवलं. "पण उघडा खड्डा ठेवता येत नाही. कचरा जातो, पोरं पडतात. त्याला चारही बाजूंनी काठ बांधावा लागतो. पक्का."

"काठ," दगडू मेस्त्री म्हणाले. 'होय म्हाराजा' सोडलं तर सकाळपासून त्यांचा हा पहिला शब्द होता.

"काठ किती उंच ते नकाशात दिलेलं नाही. किती रुंद तेही नाही." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "बसायला किती लागतं?"

कुशाबा पुढे झाले. त्यांनी वाकून तळहात गुडघ्याच्या जरासा खाली धरला. गुणाजींनी तो धरून थोडा वर केला. त्यांचे गुडघे दुखत. दगडू मेस्त्रींनी दोन्ही हात फाकवून रुंदी दाखवली, ती जरा जास्तच होती. बाईंनी तिघांकडे बघून कागदावर आकडा घातला.

"चार बाजूंनी म्हणजे बारा माणसां बसतली," गुणाजी हलकेच म्हणाले. "इतकी माणसां आणूची खयसून?"

मागून शांताबाई म्हणाल्या, "ता मी बघतंय." इमारतीतल्या आणखी बऱ्याच बायकांना आपापली संध्याकाळ हवी होती, हे त्यांना माहीत होतं.

एवढ्यात सबनीसांना आपला आवाज परत सापडला. लोक अजून जमलेले होते, नारळ समोर होता, आणि एवढ्या श्रोत्यांना नुसतं घरी पाठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते झाकणाच्या बाजूला उभे राहिले. "बंधुभगिनींनो, आजचा दिवस नीलसागर हाइट्सच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिला जाईल. आपण स्वतः पुढाकार घेऊन प्रशासनापुढे वस्तुस्थिती मांडली. प्रामाणिकपणा, परंपरा आणि पर्यावरण यांचा असा संगम या शहरात क्वचितच पाहायला मिळेल. आणि म्हणून, सेक्रेटरी या नात्याने, मी आदरणीय वैती मॅडमना विनंती करतो की त्यांनी आपल्याला मार्गदर्शनपर दोन शब्द सांगावेत."

सगळे गुणवंती वैतींकडे बघायला लागले. बाईंनी कागद घडी करून पिशवीत टाकला, पिशवी कट्ट्यावरून उचलून खाली ठेवली आणि कट्ट्यावर टेकलेल्या कुशाबांच्या जवळ आल्या.

"बाबा, जरा सरका," त्या म्हणाल्या. "सकाळपासून चार गच्च्या चढलेय."